बर्फाचा नांगर

आला बाई एकदाचा! पडदा न सारताच कळलं मला. या दिवसांत आमच्या झोपायच्या खोलीचं छत सकाळी बराच वेळ काळोखात असतं. बर्फ पडला की उजेड खालून वर येतो आणि छत दुधट दिसायला लागतं. खालच्या मोठ्या रस्त्यावरून एखादी गाडी गेली तर तिचा आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो. मी तशीच पडून राहिले थोडा वेळ. पूर्वी पहिल्या बर्फाचा मला लहान पोरीसारखा आनंद व्हायचा. मग एका वर्षी त्याची नुसती भीती वाटली. आता वाईट वाटतं, सरळ सांगायचं तर फार वाईट वाटतं, आणि तरी उठून कामाला लागावंसं वाटतं.

आमचं घर म्युनिकच्या दक्षिणेला, सपाटी संपून डोंगर सुरू होतात त्या पट्ट्यात आहे. मिलिंदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ऑफिस मात्र पार उत्तरेला, उंटरश्लाइसहाइमला. "लोक ऑफिसच्या जवळ घर घेतात, आपण ऑफिसपासून पळून जाऊन घेतलंय," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पण त्याला डोंगर हवा होता. साताऱ्याचा माणूस तो. खिडकीतून डोंगर दिसला नाही तर त्याला घास गोड लागायचा नाही. आठवड्यातून दोन दिवस एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, ऑफिस, बाकीचे दिवस वरच्या खोलीत दार लावून काम. मी गावातल्या किंडरगार्टनमध्ये जाते, तेव्हाही जात होते. पोरं यायच्या आत पोचायचं असतं, म्हणजे उजाडायच्या आधी घर सोडायचं.

खालच्या रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत एक चढाची वाट येते. ती खाजगी आहे. तिच्यावर घरं दोनच, खाली हुबर आणि वर आम्ही. गावाची बर्फ ढकलणारी मोठी गाडी खालच्या रस्त्याने खडखडत निघून जाते, आमच्याकडे वळूनही बघत नाही. खाजगी वाट ज्याची त्याने साफ करायची, तीही सात वाजायच्या आत. तसा कायदाच आहे इथे, पण कायद्यापेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेचा धाक जास्त. बर्फ नाही काढला आणि त्यावरून कुणी घसरून पडलं तर ती जबाबदारी घरमालकाची. घर घेतलं तेव्हा आम्ही डोंगर बघितला, अंगण बघितलं, स्वयंपाकघर बघितलं. चढ किती आहे ते मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नाही!

पण आमचं नशीब चांगलं होतं, खाली हेर हुबर होते. त्यांच्याकडे एक जुनापुराणा लाल ट्रॅक्टर होता. पहिला बर्फ पडला की पहाटे त्याची फटफट सुरू व्हायची आणि आम्ही पांघरुणात आणखी आत सरकायचो. ते वरपर्यंत यायचे, आमच्या दारासमोर वळायचे आणि परत जायचे. पैशाचं नाव काढलं तर रागवायचे. म्हणून मी दर हिवाळ्यात एक डबा बेसनाचे लाडू खाली पोचवायचे. "हो, हो, हे आमचं डिझेल," असं म्हणून ते डबा मांडीवर घेऊन बसायचे. एका वर्षी थंडी संपता संपता ते गेले. ट्रॅक्टर त्यांच्या पुतण्याने नेला. आणि त्याच वसंतात, गावात सफरचंदाची झाडं पांढरी झालेली असताना, मिलिंदला हार्ट अटॅक आला.

तो वाचला. स्टेंट घालून, गोळ्यांची पिशवी घेऊन घरी आला. डॉक्टरीणबाईंनी काय खायचं, किती चालायचं, सगळं समजावलं. मग विचारलं, "तुम्ही कुठे राहता?" गावाचं नाव ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग हे नीट ऐका. थंडीत बर्फाचं फावडं हातात घ्यायचं नाही. एकदाही नाही." गार हवेत छाती आवळते आणि त्यात ते ओलं ओझं उचलायचं, यात दर हिवाळ्यात तुमच्यासारखी माणसं आमच्याकडे येतात, किंवा येतच नाहीत, असं त्या म्हणाल्या. परतताना गाडी मी चालवत होते. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"मग वाट कोण काढणार?" तो म्हणाला.

"तू जिवंत राहणं महत्त्वाचं की वाट?"

"ते झालंच गं. पण वाट कोण काढणार ते सांग ना."

मी म्हटलं, मी काढेन. तो हसला. माझी उंची जेमतेम पाच फूट, आणि आमचा चढ असा की रिकाम्या हाताने चढतानासुद्धा पाहुणे मध्ये एकदा थांबून डोंगराचं कौतुक करतात. "एक दिवस काढशील," तो म्हणाला. "आठवडाभर काढशील?" गावातल्या बर्फ काढून देणाऱ्यांकडे विचारलं, तर त्यांच्याकडे आधीचीच गिऱ्हाइकं भरलेली. म्हणाले, जमलं तर येऊ, दुपारपर्यंत. दुपारपर्यंत! माझी किंडरगार्टनची पोरं काय दुपारपर्यंत दाराशी उभी राहणार?

मग सुरू झालं ते प्रकरण. बर्फाचं पातं पुढे लावलेली चार चाकांची मोटारसायकल, तिला इथे क्वाड म्हणतात, ती घ्यायची असं मिलिंदने ठरवलं. ठरवलं खरं, पण निवड करायला त्याला अख्खा उन्हाळा लागला. ज्या माणसाने मिक्सर घ्यायला चार महिने लावले होते, तो क्वाड काय एका दिवसात घेणार? बाहेर ऊन रणरणतंय, मी डब्यातला आमरस वाढतेय, पोळी फुगतेय, आणि हा ताटासमोर फोन उभा करून कॅनडातला कुणीतरी माणूस बर्फ ढकलताना बघतोय. घरभर सतत तो घर्रर्र आवाज. आमची लेक सई तेव्हा सतरा वर्षांची होती. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. ती ताट उचलून खोलीत निघून जायची.

इतकं ऐकून ऐकून मलाही त्यातलं कळायला लागलं होतं. चारही चाकांना ओढ हवी, नाहीतर चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. पातं वर-खाली करायला हाताचा दांडा असतो किंवा विंच, म्हणजे बटणावर चालणारी दोरखंडाची चरखी. पात्याला खाली रबराची कड हवी, नाहीतर वाटेच्या फरशा खरवडून निघतात. आमच्याकडचा बर्फ डोंगराजवळचा, ओला आणि जड, त्यामुळे पातं रुंद घेतलं तर गाडी दमते आणि अरुंद घेतलं तर फेऱ्या वाढतात. मिलिंदने गॅरेजच्या जमिनीवर चिकटपट्टीने गाडीची चौकट आखली होती. आधी मोठी आखली, मग तिच्या आत लहान, मग त्याहून लहान. माझी सायकल, बागेतल्या खुर्च्या, सगळं त्या चौकटीच्या बाहेर हद्दपार झालं.

आणि मला सोफ्याच्या हातावर बसवायचा. खाली एक उशी, मग दोन, मग एक काढून. हातात आडवा धरायला केरसुणीचा दांडा.

"मूठ आवळ. आता अंगठा पुढे कर. पोचतो का?"

"अरे, कुठे पोचतो? हा केरसुणीचा दांडा आहे!"

"तू कर तर."

एकदा त्याने टेपने माझा पंजा मोजला, एकदा कमरेपासून टाचेपर्यंत पाय. मी फोनवर माझ्या बहिणीला सांगितलं, गोळ्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक. आम्ही दोघी खो खो हसलो. तो शेजारीच होता, तोही हसला. केवढा बरा दिसत होता तेव्हा. जरा वाळला होता, पण गालावर रंग आला होता.

सप्टेंबरात शेवटी दुकानात गेलो. तालुक्याच्या गावी शेतीची अवजारं विकणारं एक दुकान आहे, त्यांच्याकडेच क्वाड मिळतात. तिथला तो रबरचा आणि ग्रीसचा वास मला अजून आठवतो. दुकानदार लालबुंद चेहऱ्याचा, मोठ्या हातांचा बव्हेरियन माणूस. त्याने मिलिंदकडे खालून वर बघितलं, कारण मिलिंद चांगला सहा फूट होता, आणि एक भलीमोठी काळी गाडी पुढे आणली. मिलिंद तिच्यावर बसला, उतरला. दुसरीवर बसला, उतरला. मग कोपऱ्यातल्या एका बुटक्या हिरव्या गाडीवर जाऊन बसला. त्याचे गुडघे पार हँडलच्या वर आले. लहान भाच्याच्या तिचाकीवर मामा बसावा तसा तो दिसत होता. सई इतकी हसली की तिला टायरवर बसावं लागलं. "पापा, दास इस्ट आइन श्पीलत्सॉइग!" हे तर खेळणं आहे, असं ती म्हणत होती.

"हीच," मिलिंद म्हणाला.

"अरे, तुझे गुडघे हनुवटीला लागतायत!"

"लागू देत."

दुकानदारानेही मान हलवली. आल्झो, म्हणजे असं बघा, ही हलकी आहे, तुमच्या चढाला हिला चार फेऱ्या लागतील, मोठीला दोन पुरतील. मिलिंद म्हणाला, "चार तर चार. घाई कुणाला आहे?" मला वाटलं, बिचारा घाबरलाय. एवढ्या आजारातून उठलेल्या माणसाला मोठ्या गाडीची धास्ती वाटणारच. म्हणून मी पुढे काही बोलले नाही, उलट गाडी छान आहे म्हटलं.

दुकानदाराने एकच सांगितलं, आज नोंदवली तर ऑक्टोबरात दारात येईल, उशीर केला तर पात्यांना रांग लागते. आज नोंदवायचीच होती. पण दिवस होते पितृपक्षाचे. साताऱ्याहून आईंचा, माझ्या सासूबाईंचा, फोन आला. "पितृपक्षात नवं वाहन? मिल्या, तुझ्या बाबांची तिथी परवावर आलीये, आणि तू बर्फाचा नांगर घ्यायला निघालास?" क्वाडला त्यांनी पहिल्या दिवसापासून बर्फाचा नांगरच म्हटलं. मी म्हटलं, "अहो आई, बर्फाला पंचांग कळत नाही." तर म्हणाल्या, "बर्फाला नसेल कळत, आपल्याला कळतं ना?" पूर्वी मिलिंद असल्या गोष्टींना हसायचा. त्या आजारानंतर हसायचा थांबला होता. "दसऱ्याला घेऊ," तो म्हणाला. मला मात्र डोळ्यांसमोर फावडं दिसत होतं. मला पितर दिसत नव्हते, दसरा दिसत नव्हता. हिवाळ्याच्या आत ती गाडी दारात यायला हवी, म्हणजे हा माणूस फावड्याला हात लावणार नाही, एवढं एकच मला दिसत होतं.

दसरा शनिवारी आला. आईंनी पंचांग बघून सांगितलं, दशमी अकराला लागते, त्याच्या आत सही करू नका. झालं! आम्ही सकाळी पूजा केली, श्रीखंड-पुरी झाली, कुंडीतल्या झेंडूचा हार केला. मिलिंदने इस्त्रीचा कुर्ता घातला. अकरा वाजून गेल्याची खात्री करूनच आम्ही निघालो, वाटेत कुठेसं रस्त्याचं काम निघालं होतं, आणि दुकानाशी पोचलो तर फाटक बंद. शनिवारी बाराला बंद करतात, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, वर्षानुवर्षं माहीत होतं. काचेतून आमची बुटकी हिरवी गाडी दिसत होती. मिलिंदने हार फाटकाच्या कडीला अडकवला आणि नमस्कार केला. घराकडे वळलो आणि मध्येच तो म्हणाला, "मेधा, अकरा म्हणजे तिकडचे अकरा गं! म्हणजे आपले सकाळचे साडेसात. आपण दुकान उघडायच्याही आधीपासून मुहूर्तावर होतो!" गाडी बाजूला घेऊन आम्ही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. इतक्या वर्षांत तेवढं हसलेलं मला दुसरं आठवत नाही.

तो हार सोमवारपर्यंत तिथेच लटकत होता, असं दुकानदाराने नंतर सांगितलं. गिऱ्हाइकं विचारत होती, आज काय आहे म्हणून.

मग दिवाळीचा पाडवा. पाडव्याला सही झाली, पेढे दिले. दुकानदाराने पेढा कागदासकट तोंडात घातला. पण तोवर पात्यांना रांग लागली होती. नोव्हेंबर संपता संपता येईल, असं तो म्हणाला. मी रोज सकाळी हवामान बघायला लागले. किंडरगार्टनमध्ये पोरं पहिल्या बर्फाची गाणी म्हणत होती आणि मी मनात म्हणत होते, थांब रे बाबा, आणखी थोडे दिवस थांब.

एका संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, रात्रीतून पडेल. मिलिंद वर मीटिंगमध्ये होता. मी गॅरेजमधली दोन्ही फावडी उचलली, खाली नेली आणि हेर हुबरांच्या बायकोच्या, फ्राऊ हुबरच्या, तळघरात लपवली. तिला काही समजावावं लागलं नाही. तिने नुसतं तळघराचं दार ओढून घेतलं. सुट्टीचा दिवस होता, आणि सकाळी चार बोटं बर्फ होता. मी पोळ्या लाटत होते. हा गॅरेजमध्ये गेला, बराच वेळ खुडबुड करून आला, माझ्याकडे बघितलं, मी पोळीकडे बघितलं. मग म्हणाला, "खाली जाऊन हुबरबाईंचं फावडं आणतो." फ्राऊ हुबर, आयुष्यात कधी खोटं न बोललेली, रविवारी चर्चला न चुकता जाणारी बाई, तळघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "फावडं? आमच्याकडे कुठलं फावडं? आमच्याकडे ट्रॅक्टर होता." आणि त्याला खुर्चीवर बसवून एकामागून एक कॉफी पाजत राहिली. ऊन आलं, बर्फाचं पाणी होऊन वाहून गेलं, तेव्हा त्याला सोडलं.

घरी येऊन म्हणाला, "दोघींनी मिळून कट केलाय माझ्याविरुद्ध."

"केलाय. मग?"

"मग काही नाही. तू मला घाबरून घाबरून म्हातारी होशील, मेधा."

नंतरचा आठवडा कोरडा होता. लख्ख ऊन, निळं आभाळ, डोंगर अगदी अंगणात आल्यासारखे. मी जरा निर्धास्त झाले होते. मंगळवारी तो ऑफिसला निघाला. मी डब्यात मेथीचे पराठे दिले होते. एस-बानच्या फलाटावर तो बाकावर बसला आणि बसल्या जागी गेला. बर्फाचा एक कण नव्हता कुठे. कुणी फावडं उचललं नव्हतं, कुणी धावलं नव्हतं, गाडीही वेळेवर होती. सहा महिने मी आभाळाकडे डोळे लावून बसले होते, आणि ते आलं ते भलत्याच बाजूने, पायाचा आवाज न करता. त्या निळ्या आभाळाचा मला इतका राग आला की काही दिवस मी पडदेच उघडले नाहीत.

इथे सगळ्याला वेळ लागतो. कागद होतात, तारीख मिळते, मग दहन. अजून अस्थी हातात आल्या नव्हत्या आणि एका सकाळी फोन वाजला. सईने घेतला. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता आणखी काय? ती मला इथल्या पोरांसारखं मामाच म्हणते. म्हणाली, "मामा, दास क्वाड इस्ट दा." गाडी आली होती. मी म्हटलं, नको म्हणून सांग. कोण चालवणार ती? मला सायकलपलीकडे दोन दांड्यांचं काही येत नाही. शिवाय घरात सुतक. नवीन वाहन कसं आणायचं?

त्या दिवशी आई व्हिडिओवर होत्या. त्यांना येता आलं नव्हतं. वयही नव्हतं तेवढं आणि व्हिसाही नव्हता. मुलाचं शेवटचं तोंड त्यांनी फोनमध्ये बघितलं. त्या फोन असा जवळ धरायच्या की मला त्यांचं कपाळ आणि अर्धा डोळा एवढंच दिसायचं. मी सहज बोलावं तसं बोलले, की त्या नांगराचा फोन आला होता, मी परत पाठवतेय. त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "आण गं घरी."

"अहो आई, सुतक आहे."

"असू दे. आता कुणासाठी मुहूर्त बघायचा? त्याने घेतलेली वस्तू आहे, त्याच्या दारात उभी राहू दे. नारळबिरळ नको. भाकरतुकडा ओवाळून टाक. तो दवाखान्यातून आला तेव्हा टाकला होतास ना, तसा."

मला रडू आवरलं नाही. आईही रडत होत्या, पण आवाज न करता. फोनमध्ये नुसतं कपाळ हलत होतं.

दुकानदार ट्रॉलीवर गाडी घेऊन स्वतः आला. टोपी काढून उभा राहिला. मी सईच्या हातून भाकरीचा तुकडा घेतला, गाडीवरून ओवाळला आणि दूर टाकला. तो काही न विचारता बघत होता. मग मी त्याला म्हटलं, "उतरवा, पण खरं सांगते, हिचं काय करायचं मला माहीत नाही. माझ्या नवऱ्यासाठी होती ही."

तो गोंधळला. "नाइन, नाही," तो म्हणाला. "ही तर तुमच्यासाठी आहे. चालवणार तुम्ही, असं त्यांनी पहिल्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून तर ही बुटकी." मग त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली. सीट आणखी खाली घेतलेलं. पातं उचलायला दांड्याऐवजी विंच, कारण दांडा ओढायला खांद्यात जोर लागतो. बटण डाव्या अंगठ्याशी, कारण तुमचा पंजा लहान, त्यांनी माप दिलं होतं. आणि मुठी. पाडव्यानंतर मिलिंद एकटाच एकदा दुकानात जाऊन आला होता आणि मुठी बदलून घेतल्या होत्या. आतून गरम होणाऱ्या. "त्यांनी सांगितलं, बायकोचे हात फार गार पडतात. गेनाऊ, अगदी असंच म्हणाले."

मी बसले. पाय टेकले. अंगठा पोचला. सोफ्याच्या हातावर, एका उशीवर बसल्यावर पोचायचा तसाच.

काय माणूस हा! तोंड उघडून एकदा सांगावं की नाही? मला त्या क्षणी दुःखापेक्षा रागच जास्त आला होता. महिनोन् महिने शेजारी बसून आमरस चापत होता, केरसुणीचा दांडा हातात देत होता, बहिणीपाशी केलेली त्याची टिंगल ऐकून हसत होता, आणि बोलला नाही. आपण राहणार नाही हे त्याला कळलं होतं का? का नुसतंच डॉक्टरीणबाईंचं ऐकून, थंडीत आपण बाहेर पडायचं नाही, वाट मेधा काढेल, असा साधा हिशेब केला होता? मी फार विचार केला यावर. सुरुवातीला तर दुसरा विचारच नव्हता. आता एवढंच वाटतं की त्याने सांगितलं असतं तर मी भांडले असते. "मी नाही चालवणार, तूच चालवायची," असं म्हणून आकाशपाताळ एक केलं असतं. मला ओळखून होता तो.

गाडी मी गॅरेजमध्ये ढकलत नेली. चिकटपट्टीच्या सगळ्यात आतल्या चौकटीत ती बरोबर बसली. ती चिकटपट्टी मी अजून काढलेली नाही. कडा सुटल्या की वर नवी लावते.

त्या वर्षीचा खरा बर्फ नाताळच्या आधी पडला. मला गाडी धड चालवता येत नव्हती. सई पुढे उलट्या पावलांनी चालत होती, हात हलवून "लिंक्स, मामा, रेख्ट्स!" असं डावं-उजवं ओरडत होती. मी अर्धा बर्फ वाटेबाहेर ढकलला आणि अर्धा परत वाटेत आणला. हुबरबाईंचं गुलाबाचं एक रोप आडवं केलं. चारच्या ठिकाणी किती फेऱ्या झाल्या देव जाणे. पण झालं. खाली पोचले तर फ्राऊ हुबर दारात उभी. माझ्या हातात लाडवांचा डबा दिला. तिने केलेले होते. बेसन कुठून आणलं, कुणाला विचारून केले, विचारू नका. कच्चट होते आणि वेलचीऐवजी दालचिनी घातलेली. "डिझेल," ती म्हणाली. आम्ही दोघी त्या गाडीला टेकून रडलो, मग लाडू खाल्ला.

आज त्या गोष्टीला काही हिवाळे झालेत. सई हॅम्बर्गला शिकते. तिथे बर्फ कमी, पाऊस फार. आत्ताच तिचा फोन येऊन गेला, वाट काढलीस का म्हणून. निघतेच आहे, म्हटलं. मफलर बांधला, किल्ली घेतली. आता मला ही गाडी डोळे मिटून चालवता येते. पातं डावीकडे तिरकं करून वरून सुरुवात करायची, हुबरबाईंच्या गुलाबाशी उचलायचं, खाली वळायचं. चार फेऱ्या लागतात. घाई कुणाला आहे?

पहिली फेरी मी हातमोजे न घालता करते. सई रागवते, फ्राऊ हुबर खिडकीतून बोट दाखवून रागवते. बटण दाबलं तरी मुठी गरम व्हायला थोडा वेळ लागतो. तोवर बोटं बधिर होतात, दुखतातसुद्धा. मग निम्मा उतार संपता संपता तळव्याला ऊब लागते आणि मी दोन्ही मुठी घट्ट धरते. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तेवढ्यात मी त्याच्याशी बोलून घेते. फार काही नाही, दवाखान्यातून परतताना त्याने विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर.

वाट मी काढतेय रे, मिलिंद.